अवकाश-दुर्बिणीचा पासंग

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



आठवड्याच्या बाजारात धान्य घ्यावयास गेलेले चतुर गिऱ्हाईक वजनांकडे पाहण्याआधी रिकाम्या तराजूकडे पाहते. दोन्ही पारडी समतोल आहेत, की एक किंचित झुकले आहे, हे ते प्रथम पारखते. या झुकण्यालाच आपण पासंग म्हणतो. पासंग असलेला तराजू टाकाऊच असतो असे नाही. तो किती आहे हे नेमके ठाऊक असले, तर हलक्या पारड्यात तेवढा खडा बांधून त्याच तराजूने बिनचूक तोलता येते. अडचण होते ती पासंग आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नसेल तेव्हा.

अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीच्या सेवेत असलेल्या शास्त्रज्ञांचे आयुष्य बहुतांशी असा पासंग काढण्यात जाते. लोकांची कल्पना याहून निराळी असते. दुर्बिणीवरचा शास्त्रज्ञ म्हटला, की रात्रभर नळीला डोळा लावून बसलेला आणि नवा तारा दिसताच हर्षाने उठून उभा राहणारा मनुष्य मुलांच्या डोळ्यांपुढे येतो. अवकाशातील दुर्बिणीला मात्र डोळा लावता येत नाही. तिच्याकडून येतात ते केवळ आकडे, आणि त्या आकड्यांत ताऱ्याचा प्रकाश किती व यंत्राचा दोष किती, याची निवड कोणीतरी बसून करावी लागते. ही निवड करणारी माणसे स्वतःच्या शोधापेक्षा दुसऱ्याच्या शोधासाठी अधिक राबतात. त्यांच्या कामाचा परिचय हबल दुर्बिणीच्या उदाहरणावरून चांगला होतो.

पृथ्वीवरून आकाश पाहताना हवेचा पडदा आड येतो. त्या पडद्यामुळे तारे लुकलुकतात, प्रतिमा थरथरते, आणि जंबुपार किरण तर बहुतेक वरच्यावरच शोषले जातात. म्हणून दुर्बीणच हवेच्या वर नेऊन ठेवावी, हा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९४६ साली सविस्तर मांडला. त्या वेळी एकही कृत्रिम उपग्रह आकाशात गेलेला नव्हता! प्रत्यक्षात दुर्बीण वर जाण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. एडविन हबल या ज्योतिर्विदाचे नाव दिलेली ही दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा आहे आणि ती सुमारे पंच्याण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते. तिचे नियंत्रण मेरिलँड राज्यातील ग्रीनबेल्ट येथून होते. कोणी, केव्हा, काय पाहावे आणि जे दिसले त्याची शहानिशा कशी करावी, हे काम त्याच राज्यातील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात असलेल्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट या संस्थेकडे आहे. ही संस्था १९८१ साली, म्हणजे दुर्बीण वर जाण्याच्या नऊ वर्षे आधी स्थापन झाली. रिकार्डो जिआकोनी हे तिचे पहिले संचालक.

त्या नऊ वर्षांत संस्थेतील माणसे काय करीत होती? पुष्कळसा वेळ ती ताऱ्यांची यादी करीत होती. हबल दुर्बिणीला एखाद्या दिशेला रोखून स्थिर धरावयाचे, तर त्या दिशेचे दोन खुणेचे तारे तिला आधी सांगावे लागतात. त्यांच्यावर नजर ठेवून ती आपले लक्ष्य सोडीत नाही. ही स्थिरता एका विकलेच्या सात सहस्रांश भागाइतकी सूक्ष्म आहे. दीड किलोमीटरवर धरलेल्या केसाची जाडी डोळ्याला जेवढा कोन करील, तेवढाच हा कोन. आकाशाच्या प्रत्येक भागात असे तारे हाताशी असावेत, म्हणून अमेरिकेतील पालोमार येथून आणि ऑस्ट्रेलियातून घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या काचा यंत्राने कणाकणाने वाचून सुमारे दीड कोटी ताऱ्यांची स्थाने व तेज नोंदण्यात आले. हे काम कंटाळवाणे खरे. पण या यादीवाचून दुर्बिणीला एकही नेमके निरीक्षण करता आले नसते.

दुर्बीण वर गेली आणि अवघ्या दोन महिन्यांत तिच्या अपयशाची वार्ता जगभर पसरली. ताऱ्याची प्रतिमा एका टिकलीत एकवटावयास हवी होती, तिच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखा पसारा दिसू लागला. ज्या टिकलीत सत्तर टक्के प्रकाश यावा असे योजले होते, तिच्यात जेमतेम पंधरा टक्के येत होता. जून १९९० च्या अखेरीस हा दोष जाहीर करण्यात आला. पुढे कित्येक महिने अमेरिकेत या दुर्बिणीवर विनोद रचले जात होते.

दोष कोठे होता? मुख्य आरसा त्याच्या काठाशी हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट घासला गेला होता. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा सुमारे पन्नासावा भाग. नवल असे, की आरसा ओबडधोबड मुळीच नव्हता. इतका गुळगुळीत मोठा आरसा त्यापूर्वी क्वचितच घडला असेल. तो चुकीच्या आकाराला अनुसरून अत्यंत अचूकपणे घासला गेला होता! एखाद्या मुलाने गणिताची पहिली ओळच चुकीची उतरून घ्यावी आणि पुढची सारी रीत निर्दोष करावी, तसाच हा प्रकार.

चौकशी समितीने नोव्हेंबर १९९० मध्ये दिलेल्या अहवालातील हकिकत शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. घासताना आरशाचा आकार तपासण्यासाठी एक प्रकाशीय उपकरण वापरीत. त्यातील एका भिंगाचे अंतर धातूच्या मोजदांडीने ठरवावयाचे होते. दांडीच्या टोपणावर प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून काळा लेप दिलेला होता, पण त्याचा एक कपचा उडालेला होता. परिणामी मोजणीचा किरण दांडीच्या टोकाऐवजी टोपणावरून परतला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले. बसविताना ते ठरलेल्या जागी येईना, तेव्हा कारागिरांनी मध्ये चकत्या घालून ते बसविले. तेथे कोणीतरी थांबून ‘हे बसत का नाही?’ असे विचारावयास हवे होते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. त्याच आरशाची आणखी दोन साध्या उपकरणांनी तपासणी झाली होती, आणि दोन्हींत दोष दिसला होता. परंतु ती उपकरणे मुख्य उपकरणापेक्षा कमी सूक्ष्म मानली जात. म्हणून त्यांची साक्ष बाजूला सारण्यात आली. ज्या तराजूने सारे काही तोलावयाचे, त्याचा स्वतःचा पासंग दुसऱ्या तराजूंनी दाखवूनही कोणी मानला नाही.

येथून बाल्टिमोरच्या शास्त्रज्ञांचे खरे कार्य सुरू झाले. दुर्बीण पृथ्वीपासून सहाशे किलोमीटर उंचीवर होती; आरसा काढून पुन्हा घासणे अशक्य होते. तेव्हा दोष नाहीसा करावयाचा नसून तो किती आहे हे काढावयाचे, असा मार्ग धरण्यात आला. ताऱ्यांच्या बिघडलेल्या प्रतिमांचा अभ्यास करून, अशी प्रतिमा पडण्यासाठी आरशाचा आकार कसा असावा लागेल, हे त्यांनी उलट गणिताने शोधले. दुसरीकडे ते तपासणीचे उपकरण कारखान्यात जसेच्या तसे राहिलेले सापडले. त्यातील भिंगाचे चुकलेले अंतर मोजले, तेव्हा दोन्ही वाटांनी आलेले उत्तर जुळले. दोष आता पुरता ओळखीचा झाला. याच दोषाच्या नेमक्या उलट आकाराचे छोटे आरसे प्रकाशाच्या वाटेत उभे केले, की प्रतिमा सुधारणार होती.

पण ते उभे कसे करावयाचे? संस्थेतील जेम्स क्रॉकर हे अभियंते १९९० साली एका बैठकीसाठी जर्मनीत गेले होते. तेथील हॉटेलच्या स्नानगृहात उभ्या दांडीवर वरखाली सरकणारी आणि हवी तशी कलती करता येणारी पाण्याची झारी त्यांनी पाहिली. नाण्याएवढे आरसे अशाच सरकत्या, वळत्या दांड्यांवर बसवून उपकरणांच्या तोंडापुढे आणता येतील, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. तिच्यातून ‘कॉस्टार’ हे उपकरण घडले. मात्र दुर्बिणीत रिकामी जागा नव्हती. कॉस्टारला जागा करून देण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेला एक प्रकाशमापक काढून आणावा लागला. ज्यांनी तो वर्षानुवर्षे खपून बांधला, त्यांना इतरांच्या उपकरणांसाठी आपले उपकरण सोडावे लागले. हबलच्या यशाच्या कथांत या त्यागाचा उल्लेख फारसा येत नाही, तो यावयास हवा.

डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातील अंतराळवीरांनी कॉस्टार बसविले आणि ज्यात दुरुस्ती मुळातच अंतर्भूत होती असा नवा कॅमेराही बसविला. त्याच महिन्यात, १८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, बाल्टिमोर येथे पडद्यासमोर दाटीने उभ्या असलेल्या मंडळींना एका ताऱ्याची पहिली प्रतिमा दिसली. मधोमध एक टपोरी टिकली होती, आणि भोवतीचे जाळे गेले होते. पुढे बसविलेल्या सर्व उपकरणांत ही दुरुस्ती आतच केलेली असल्यामुळे २००९ साली कॉस्टार खाली आणण्यात आले. आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मुख्य आरसा मात्र अजूनही तोच, तेवढाच चुकलेला आहे.

ही झाली संकटकाळची गोष्ट. एरवीचे काम शांत असते. दुर्बिणीतील कॅमेऱ्यात काचेच्या फिल्मऐवजी लक्षावधी बारीक चौकटी असलेली सिलिकॉनची चकती असते. पडणारा प्रकाश प्रत्येक चौकट मोजते. वर्गातील सर्व मुलांचे कान जसे सारखे तिखट नसतात, तशा या चौकटीही सारख्या संवेदनशील नसतात. म्हणून सर्वत्र सारखा प्रकाश टाकून कोणती चौकट किती उणे-अधिक सांगते, हे नोंदवितात. झडप बंद ठेवून, अंधारातही कोणत्या चौकटी प्रकाश असल्याचा खोटा जबाब देतात, हे पाहतात. अवकाशातील किरणांच्या माऱ्याने अशा खोट्या चौकटींची संख्या वाढत जाते. तेव्हा दरमहा ही चकती काही काळ गरम करतात आणि त्यातील पुष्कळशा चौकटी पुन्हा ताळ्यावर येतात. विश्वकिरणांच्या आघाताने चित्रात ताऱ्यासारखे ठिपके उमटतात, म्हणून एकच दृश्य निदान दोनदा टिपतात. दोन्ही चित्रांत त्याच जागी असेल तो तारा, एकातच असेल तो आगंतुक. दक्षिण अटलांटिक महासागरावरून जाताना तर हा मारा इतका वाढतो, की त्या टापूत निरीक्षणेच थांबवावी लागतात. काही श्वेतबटू ताऱ्यांचे तेज फार काटेकोरपणे ठाऊक आहे. त्यांच्याकडे वरचेवर वळून दुर्बीण आपली नजर मंद तर झाली नाही ना, हे ताडून घेते. हे सर्व आकडे संस्था सर्वांसाठी प्रसिद्ध करते. एखाद्या दूर देशातील संशोधक जेव्हा लिहितो की अमुक दीर्घिका अमुक इतकी तेजस्वी आहे, तेव्हा त्याच्या वाक्याला या नोंदींचा आधार असतो.

दुर्बिणीचा वेळ कोणास द्यावा, हाही तोलण्याचाच प्रश्न. दरवर्षी हजाराच्या आसपास अर्ज येतात आणि त्यांतील थोडेच मान्य होतात. निवड शास्त्रज्ञांच्या समित्या करतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात संस्थेने आपल्याच मागील फेऱ्या तपासल्या. तेव्हा पुरुषांच्या नेतृत्वाखालील अर्ज स्त्रियांच्या अर्जांपेक्षा सातत्याने अधिक प्रमाणात मान्य होत आले आहेत, असे दिसले. कोणी जाणूनबुजून पक्षपात करीत होते असे नव्हे. पण पारडे झुकलेले होते खास. २०१८ पासून अर्जदाराचे नाव परीक्षकांना कळू द्यावयाचे नाही अशी पद्धत सुरू झाली. पहिल्याच फेरीत स्त्रियांचे यश ८.७ टक्के आणि पुरुषांचे ८.० टक्के आले. पुढे नव्या, अपरिचित अर्जदारांचे प्रमाणही वाढले. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसनक्रमांक का असतो, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

काही वेळ मात्र संचालकांच्या स्वतःच्या अधिकारात राखून ठेवलेला असतो. रॉबर्ट विल्यम्स हे संचालक असताना त्यांनी त्यातील बराच वेळ आकाशाच्या एका रिकाम्या तुकड्याकडे पाहण्यात घालविण्याचे ठरविले. जॉन बाकॉल यांच्यासारख्या मान्यवरांनी १९९० साली असे भाकीत केले होते, की पृथ्वीवरून दिसतात त्यांहून निराळ्या दीर्घिका हबलला फारशा दिसणार नाहीत. दुर्बिणीची नाचक्की अजून ताजी होती. त्यातून दहा दिवस वाया गेले असते तर दोष विल्यम्स यांच्या माथी आला असता. तरीही १८ ते २८ डिसेंबर १९९५ या काळात दुर्बीण सप्तर्षींतील एका जागी रोखून धरण्यात आली. ती जागा हात लांब करून धरलेल्या वाळूच्या खड्याएवढी होती. एकूण ३४२ चित्रे घेण्यात आली. ती एकावर एक रचून, प्रत्येकातून यंत्राचे दोष वजा केले, तेव्हा त्या ‘रिकाम्या’ जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका उमटल्या. त्यांतील अतिमंद ठिपके खरे आहेत हे ठामपणे सांगता आले, ते अंधारात खोटे बोलणाऱ्या चौकटींची यादी आधीच हाताशी होती म्हणून. त्या काळी निरीक्षकाला आपली चित्रे साधारण एक वर्ष स्वतःपुरती ठेवता येत. विल्यम्स यांनी ही चित्रे लागलीच सर्वांना खुली केली.

हबलच्या दोषामुळे हाती आलेली विद्याही वाया गेली नाही. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी निघाली. ती पृथ्वीपासून सुमारे पंधरा लक्ष किलोमीटरवर असते, आणि तेथे अंतराळवीर पाठवून दुरुस्ती करणे शक्य नाही. तिचेही कामकाज बाल्टिमोरच्या त्याच संस्थेतून चालते. तिचा ६.५ मीटरचा आरसा अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सप्तर्षींतील एका ताऱ्याकडे प्रथम पाहिले, तेव्हा एका ताऱ्याचे अठरा तारे दिसले! बिघडलेल्या प्रतिमेवरून आरशाची स्थिती काढण्याचे जे उलट गणित हबलसाठी विकसित झाले होते, त्याच जातीच्या गणिताने हे तुकडे अत्यल्प अंशांनी सरकविण्यात आले आणि अठरांचा एक झाला.

अशा कामासाठी साता समुद्रांपलीकडेच जावे लागते असे नाही. भारताची ‘ॲस्ट्रोसॅट’ ही अवकाश-वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आली. तिच्यातील काही क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. निरीक्षकांना साहाय्य करणारा कक्ष पुण्यात, जयंत नारळीकर यांनी उभ्या केलेल्या ‘आयुका’ संस्थेत, इस्रोच्या सहकार्याने सुरू झाला. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या जंबुपार दुर्बिणीतून हबलने पूर्वी टिपलेल्या एका खोल आकाशक्षेत्राकडे ऑक्टोबर २०१६ मध्ये अठ्ठावीस तासांहून अधिक वेळ पाहिले. सुमारे ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचे अतितीव्र जंबुपार किरण त्यांना आढळले. ॲस्ट्रोसॅटचा आरसा हबलच्या मानाने अगदीच लहान, जवळजवळ साडेसदतीस सेंटिमीटरचा. मग हबलला जे दिसले नाही ते याला कसे दिसले? या यंत्राच्या चित्रातील पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी होता. आणि तो किती कमी आहे, दिसणारे किरण खरोखर त्या दीर्घिकेचेच आहेत, याची खात्री करण्यात त्या मंडळींनी जवळजवळ दोन वर्षे घालविली. शोध प्रसिद्ध झाला तो ऑगस्ट २०२० मध्ये.

आता वर्गात करण्याजोगे थोडेसे. हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते. त्यामुळे उत्तर युरोपातील देशांना ती दिसतच नाही. महाराष्ट्रावरून मात्र ती वरचेवर जाते. सूर्यास्तानंतर तास-दीड तासात किंवा पहाटे, न लुकलुकणारा एक तारा पश्चिमेकडून पूर्वेकडे संथपणे सरकताना दिसतो आणि पुष्कळदा आकाशाच्या मध्येच पृथ्वीच्या छायेत शिरून नाहीसा होतो. आपल्या गावावरून ती केव्हा जाईल याचे वेळापत्रक मोबाईलवर मिळू शकते. मुलांना शाळेच्या पटांगणात जमवून, ती दिसल्याची वेळ, लुप्त झाल्याची वेळ आणि त्या जागेच्या जवळचा ओळखीचा तारा, या तीन गोष्टी वहीत टिपावयास सांगाव्यात. दोन-तीन ठिकाणी उभ्या केलेल्या मुलांनी आपापल्या नोंदी स्वतंत्रपणे कराव्यात आणि मग त्या ताडून पाहाव्यात. नोंदी जुळल्या नाहीत, तर कोणतीही खोडू नये. शाळेचे घड्याळ आधल्या दिवशी मोबाईलच्या वेळेशी लावून पाहावे, आणि ते जेवढे पुढे किंवा मागे असेल, तेवढा आकडा वहीच्या पानावर सर्वांत वर लिहून ठेवावा.